निरोप दिल्यानंतर

आमच्या घरातून बाहेर पडताना 'जातो' म्हणायचं नाही. चपला घालता घालता कुणी चुकून तसं म्हटलंच, तर आई स्वयंपाकघरातून 'येतो म्हण रे' असं ओरडते, आणि तसं म्हणेपर्यंत तिचा जीव खाली पडत नाही. त्यामुळेच असेल, 'येते' न म्हणता कुणी कायमचं निघून जातं म्हणजे काय, हे मी डोळे भरून पाहिलं ते टीव्हीच्या पडद्यावर. २०१२ चा डिसेंबर. रात्रीचे दोन वाजून गेलेले. धाकटा आणि मी दिवाणावर भिंतीला टेकून बसलो होतो आणि दोघांचेही कंट्रोलर कधीच मांडीवर पडले होते.

'हेलो' या गेमचा तो चौथा भाग. हिरव्या चिलखतातला मास्टर चीफ स्वतःच्या हाताने अणुबॉम्ब फोडतो आणि तरीही वाचतो, कारण कॉर्टानाने त्याच्याभोवती प्रकाशाचं कवच धरलेलं असतं. कॉर्टाना म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. २००१ च्या पहिल्या भागापासून ती चीफच्या साथीला आहे. वाट दाखवणारी, धोका ओळखणारी, मधूनच त्याची थट्टा करणारी. या कथाविश्वात अशा बुद्धीला आयुष्य मिळतं साधारण सात वर्षांचं. मग विचारांवर विचार साचत जातात आणि ती त्यांतच बुडून भ्रमिष्ट होते. चौथ्या भागात कॉर्टानाचं आठवं वर्ष चालू आहे. सगळा भाग चीफ तिला वाचवण्याची आशा धरून लढतो, आणि शेवटी तीच त्याला वाचवते.

त्या निळ्या उजेडात दोघं समोरासमोर उभी राहतात. गोळ्यांचे आवाज थांबलेले. ती हात पुढे करते आणि तळवा त्याच्या छातीवरच्या पत्र्यावर ठेवते. इतकी वर्षं ती त्याच्या हेल्मेटमध्ये राहिली, पण स्पर्श हा पहिलाच. मग ती मागे सरकत जाते आणि विरते. जेन टेलर या अभिनेत्रीने त्या वेळी कॉर्टानाच्या आवाजात जी समजूत आणली आहे, ती आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्यांनी ऐकलेली असते. चौथ्या भागाच्या कथेतही गाठी होत्या, त्याचा खलनायक नीट कळायला बाहेरचं वाचावं लागायचं. पण या एका दृश्यासाठी मी त्याला सगळं माफ केलं. धाकटा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, ती खरंच गेली का रे?" मी हो म्हणालो.

पाचवा भाग, 'हेलो ५: गार्डियन्स', आला २७ ऑक्टोबर २०१५ ला. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात होती आणि धाकटा बेंगळुरूहून सुट्टी घेऊन आला होता. वर्षभर जाहिरातींनी मन पेटवून ठेवलं होतं. एकीत उद्ध्वस्त शहरात चीफ जखमी होऊन पडलाय आणि लॉक नावाचा दुसरा सैनिक त्याच्याकडे पिस्तूल घेऊन येतोय. दुसरीत तेच दृश्य उलट. चीफ फितूर झाला का? मानवजातीच्या रक्षकाने नक्की काय केलं? फराळाचं ताट शेजारी ठेवून आम्ही डिस्क घातली. पहिला धक्का तिथेच बसला. एका टीव्हीचे दोन भाग करून शेजारी बसून खेळायची सोय या भागात काढून टाकली होती. चित्र सेकंदाला साठ फ्रेमने अखंड पळावं म्हणून ती काढली, असं कारण होतं. चित्र पळतही होतं सुरेख. आम्ही आळीपाळीने खेळलो.

जाहिरातीतलं ते शहर गेममध्ये नव्हतंच. फितुरी नव्हती, पाठलागाला धारही नव्हती. पंधरा मोहिमांपैकी चीफ म्हणून खेळायला मिळतात अवघ्या तीन. बाकी बाराही लॉकच्या तुकडीच्या. लॉक वाईट नाही. पण त्याला काय हवंय, त्याला झोप का लागत नाही, हे शेवटपर्यंत कळत नाही. चीफ आणि लॉक समोरासमोर येतात, मुठींनी भिडतात, चीफच्या हेल्मेटच्या काचेला तडा जातो. वर्षभर ज्याची वाट पाहिली ती लढत आपण नुसती बघायची, खेळायची नाही, आणि ती बघता बघता संपते.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते चीफच्या तीन सोबत्यांबद्दल. फ्रेड, केली आणि लिंडा. या विश्वात सहा वर्षांची पंच्याहत्तर मुलं घरातून उचलून नेऊन सैनिक म्हणून घडवली होती. ही चौघं त्यांतली. आईबापांच्या नकळत नेलेली, एकत्र वाढलेली, एकत्र मोडलेली. एरिक नायलंडच्या 'द फॉल ऑफ रीच' या २००१ च्या कादंबरीत त्यांचं बालपण आहे. गेममध्ये ती तिघं चीफच्या मागे धावतात आणि कामापुरतं बोलतात. आदेश मोडून तो एका हरवलेल्या मैत्रिणीच्या हाकेमागे निघतो आणि ही भावंडं त्याच्यासोबत निघतात! केलीने एकदा तरी त्याच्या शेजारी बसून विचारायला हवं होतं: तुला ती खरंच दिसली का? जुल मदामा नावाचा शत्रूचा सरदार तर आधीच्या भागापासून वाढवत आणला आणि पहिल्याच मोहिमेत मारून टाकला. चौथ्या भागातल्या खलनायकाचा पुढचा हिशेब कॉमिकमध्ये मिटवला. देवळात कीर्तन अर्ध्यावर आलं असताना मागच्या दाराने कुणी आत आलं, तरी बुवा दोन वाक्यांत त्याला कथेत घेतात. इथे सुरुवातीपासून पहिल्या रांगेत बसलेलेही बाहेरच राहिले.

आणि कॉर्टाना. ती परत येते. तिचा आजार बरा झालाय, आणि विश्वात शांतता नांदावी म्हणून तिला सगळ्यांवर सत्ता हवी आहे. ही कल्पना टाकाऊ नाही, हे मी मनापासून सांगतो. जिला आपण रडून निरोप दिला तीच प्रेमाच्या नावाने जुलूम करायला परत यावी, यात मोठी शोकांतिका होती. पण तिला वेळ हवा होता. ती मरणातून कशी आली, तिकडे एकटी असताना तिच्या मनात काय उलटलं, छातीवर ठेवलेला तो तळवा तिला आठवतो का? यातलं काही नाही. दोघांचं थोडंसं बोलणं होतं आणि ती चीफला सोबत्यांसकट एका बंद कुपीत कोंडते. मग त्याला सोडवायचं कामही लॉककडे. शेवटच्या दृश्यात सगळे एका परक्या ग्रहावर जमतात आणि गेम थांबतो. संपत नाही, थांबतो.

मराठीत निरोप शब्दाला दोन अर्थ आहेत. निघणाऱ्याला आपण निरोप देतो, आणि दूरच्या माणसाकडून निरोप येतो. चौथ्या भागाच्या शेवटी आम्ही पहिला निरोप दिला होता. कॉर्टाना परत यायचीच होती, तर दुसरा निरोप घेऊन यायला हवी होती. त्या रात्रीच्या स्पर्शाचं काहीतरी सांगायला. ती आली ती पहिला निरोप खोटा पाडून. त्या रात्री मी धाकट्याला जे 'हो' म्हणालो होतो, तेही खोटं ठरलं.

पुढचा भाग, 'हेलो इन्फिनिट', यायला ८ डिसेंबर २०२१ उजाडला. सहा वर्षं. तोवर कॉर्टानाचा शेवट पडद्यामागे होऊन गेला होता. आपल्याला दिसतात ते तिचे मागे उरलेले प्रकाशाचे ठसे, जुने संवाद. त्यांतले काही सुंदर आहेत. पण दोन भागांच्या मधल्या अंधारात काय काय घडलं, ते तुकड्यातुकड्यांनी जुळवत बसावं लागतं.

गेल्या दिवाळीत धाकटा आला तेव्हा माळ्यावरून जुनं यंत्र काढलं. एका केबलची पिन सैल होती. तिला चिकटपट्टी लावली. चौथा भाग लावला, टीव्हीचे दोन भाग केले, शेजारी बसून शेवटपर्यंत खेळलो. तो निळा उजेड आला तेव्हा दोघंही गप्प होतो. पाचव्या भागाची डिस्क कपाटातच राहिली. तिसऱ्या दिवशी धाकटा बॅग घेऊन दारात उभा राहिला आणि आईकडे बघून म्हणाला, "येतो."