वाघाची वाट आणि गाजरगवताची

चि. मुक्ता,


तुझा पीएचडीचा विषय मंजूर झाल्याचं ताईने फोनवर सांगितलं. जंगलाजंगलांमधली जोडणी आणि परक्या वनस्पतींचा फैलाव! आयुष्यभर कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलेल्या मावशीला यावर गप्प बसवत नाही.

जोडणी म्हटलं की आपल्याला वाघ आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. राष्ट्रीय महामार्ग 44 पेंचच्या जंगलातून जातो, तिथे जनावरांना खालून जाता यावं म्हणून 9 ठिकाणी वाटा ठेवल्या. भारतीय वन्यजीव संस्थेने 2019 मध्ये तिथे कॅमेरे लावून पाहिलं, तर 18 जातींचे प्राणी त्या वाटा वापरत होते. त्यात वाघही होते. कान्हा-पेंचचा पट्टा टिकायचा तर अशा वाटा हव्यातच.

पण त्याच रस्त्यावरून, वरच्या अंगाने काय जातं तेही बघ. गाजरगवत देशाच्या नजरेत आलं ते 1955 साली, आपल्या पुण्यात. पुढे रस्ते, रूळ आणि कालवे धरून ते सगळीकडे पोचलं. त्याला उकरलेली, उघडी माती मिळाली की पुरे. एकेका झाडाला हजारो बिया, आणि त्या इतक्या बारीक की चाकाच्या चिखलातून, कडब्यातून, मुरमाच्या ढिगातून सहज प्रवास करतात. महामार्ग रुंद करताना आपण त्याला हे सगळं पुरवतो: मैलोगणती उकरलेली कड आणि दुसरीकडून आणलेला मुरूम.

घाणेरीची तऱ्हा वेगळी. इंग्रजांच्या काळात ती बागेची शोभा म्हणून आली आणि बुलबुल-साळुंक्यांनी तिची काळी फळं खाऊन ती रानोमाळ नेली. पक्ष्याला बसायला झाडं असली की तिचं काम होतं. म्हणजे वाघासाठी राखलेली झाडांची सलग रांग तिच्याही उपयोगाची. ती माजली की खालचं गवत मरतं, आणि गवत गेलं की चितळांनी खायचं काय? मला विचारशील तर तुझ्या प्रबंधाचा सगळ्यांत अवघड भाग हाच आहे.

ब्रॅड मॅकरे यांनी विजेच्या मंडलाचं गणित भूप्रदेशाला लावलं, ते तू वापरणारच. प्रत्येक तुकड्याला त्याचा रोध द्यायचा. वाघासाठी जो महामार्ग मोठा रोध, तोच गाजरगवतासाठी जवळपास मोकळं रान. म्हणून एकाच नकाशावर भागवू नकोस. वाघाचा, घाणेरीचा आणि गाजरगवताचा असे तीन निराळे नकाशे कर आणि एकमेकांवर ठेव. ते जिथे एकमेकांना छेदतील तिथे आधी जा.

आणि हो, रोधाचे आकडे नुसते उपग्रहाच्या चित्रावरून भरू नकोस. कोणत्या कामानंतर कुठल्या नाल्यात तण आलं, हे त्या भागातला गुराखी सांगेल. त्याच्याजवळ बस.

क्वीन्सलंडमध्ये गाजरगवताच्या पट्ट्यातून निघणाऱ्या गाड्या आणि यंत्रं धुण्यासाठी जागा केलेल्या आहेत. आपल्याकडेही जंगलात कामाला येणारा प्रत्येक डंपर, प्रत्येक जेसीबी आधी धुतलेला असावा, ही अट निविदेत यायला हवी. तुझ्या आकड्यांनी ती मागता आली तर त्या कामाचं मोल माझ्या लेखी पदवीपेक्षा जास्त आहे.

एक मागणं. निष्कर्ष मराठीतही लिही, पेंचमधल्या देवलापार-चोरबाहुलीच्या वनरक्षकांना वाचता येतील असे. उपटणी कुठल्या कडेपासून सुरू करायची, हे सर्वांत आधी त्यांना कळायला हवं.

तुझी,
मावशी