जुनी सायकल घेताना

पंचावन्नावे वर्ष संपता संपता आम्ही सायकल घ्यावयाचे ठरविले, तेव्हा धर्मग्रामातील मंडळींनी हसू दाबले. निमित्त रक्तातील साखरेचे होते. डॉक्टरांनी रोज चालावयास सांगितले. परंतु गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा त्यांनीच सायकलीचा मार्ग सुचविला. सेमिनरीत आम्ही चालविलेली सायकल काळी, जड, मागे कॅरिअर असलेली होती. साताऱ्यात पहाटे यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठाराकडे जाणारे तरुण मात्र बारीक टायरांच्या, वाकड्या हँडलांच्या हलक्या सायकलींवर असतात. तशी नवी सायकल आमच्या खिशाला झेपणारी नव्हती. जुनी शोधावयाची ठरली.

जुनी वस्तू घेणाऱ्या नवशिक्याला एकच भीती असते : आपण फसू. म्हणून त्या घाटाचा नित्य प्रवासी असलेल्या आमच्याच एका तरुणाला आम्ही गुरू केले.

"फादर, रंग पाहू नका, आधी माप पाहा," हा त्याचा पहिला धडा. सायकलीच्या दोन्ही बाजूंस पाय टेकून उभे राहावे. मधला दांडा आणि आपले अंग यांत निदान दोन बोटांचे अंतर हवे. चुकीच्या मापाची सायकल स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. नंतर फ्रेम. हँडलाखालचे आणि पायडलच्या आसाजवळचे जोड बोटाने चाचपावेत. केसासारखी रेघ किंवा रंगाचा फुगवटा आढळला तर तेथूनच परतावे. चाक उचलून फिरवावे. ते ब्रेकच्या रबरांमध्ये डोलले तर आउट आहे; तो काढता येतो. रिमची घासणारी बाजू खोलगट झाली असेल, तर मात्र रिमच बदलावी लागते. चेनवर फूटपट्टी धरावी. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. इंचाचा आठवा भाग अधिक भरला, तर चेनबरोबर मागची दातेरी चक्रेही झिजली असे समजावे. शेवटी फ्रेमवरचा क्रमांक जुन्या बिलाशी ताडून पाहावा, म्हणजे चोरीचा माल गळ्यात पडत नाही.

पहिली सायकल एका गृहस्थांकडे पाहिली. लाल रंग आरशासारखा चकाकत होता. आमचे मन तेथेच बसले. तरुणाचे बोट हँडलाखाली थबकले. ताज्या रंगाखाली बारीक चीर होती. "ती रंगाची सुरकुती आहे," गृहस्थ शांतपणे म्हणाले. आम्ही नमस्कार करून निघालो. घाट उतरताना तो जोड तुटला असता तर काय झाले असते, हा विचार वाटभर पाठ सोडीना. इटलीत कोमो सरोवराच्या वर गिसाल्लो येथे पवित्र मरियेचे छोटे मंदिर आहे. १९४९ साली पोप बारावे पायस यांनी तिला सायकलस्वारांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. तेथे नामवंतांच्या सायकलींबरोबर फाबिओ कासार्तेल्ली याची वाकलेली सायकलही ठेवली आहे. १९९५ च्या तूर द फ्रान्स शर्यतीत डोंगराच्या उतारावरच तो पडून मृत्यू पावला. उताराला थोर-लहान कळत नाही.

दुसरी सायकल कोरेगाव रस्त्यावरील एका घरी होती. मुलगा नोकरीसाठी दुबईला गेलेला. सायकल चादरीखाली झाकून ठेवलेली. माप जुळले, फ्रेम निर्दोष निघाली, चेन तेवढी झिजली होती. किंमत विचारली. "सहा हजार द्या, फादर. भंगारवाला आठशे म्हणत होता," असे म्हणून त्या ताई चहा ठेवावयास आत गेल्या. तरुण आमच्या कानाशी लागला, "फादर, बारा-तेरा हजारांचा माल आहे. लगेच हो म्हणा."

आम्ही खोटे बोललो नव्हतो. किंमत त्यांनीच सांगितली होती. परंतु सेमिनरीत शिकलेले संत थॉमस अक्विनास नेमके तेव्हा आठवले. विकणाऱ्याने वस्तूतील दोष लपवू नये, असे ते सांगतात, आणि त्या लाल सायकलीच्या वेळी आम्हास ते मनापासून पटले होते. त्याच विवेचनात ते असेही म्हणतात की, विकणारा अजाणतेपणी सोने पितळ म्हणून देत असेल आणि घेणाऱ्यास ते ठाऊक असेल, तर घेणारा अन्याय करतो. त्याने भरपाई केली पाहिजे. फसू नये म्हणून जे ज्ञान आम्ही मिळविले, तेच आता फसविण्याच्या कामी येऊ पाहत होते.

चहा आला. तो संपेपर्यंत आम्ही काही बोललो नाही. मग म्हणालो, "ताई, हिची किंमत तुम्ही सांगता त्याहून अधिक आहे. मुलाला विचारून घ्या."

त्या गोंधळल्या. "म्हणजे तुम्हाला नको आहे का?" त्यांनी मुलाला फोन लावला. चेनचा खर्च वजा जाता अकरा हजार ठरले. ते आम्ही दोन हप्त्यांत फेडले. परतताना तरुण थोडा घुश्शातच होता. "पाच हजार गेले, फादर!" आम्ही उत्तर दिले नाही.

आता आठवड्यातून तीन दिवस आम्ही यवतेश्वरचा अर्धा घाट चढतो आणि उरलेला, सायकल हातात धरून, पायी. हा मजकूर वाचून कुणी जुनी सायकल घ्यावयास निघालाच, तर फूटपट्टी जरूर सोबत न्यावी. आम्हास मात्र चढण लागली की तो चहा आठवतो. एक कप संपेपर्यंत आम्ही गप्प का राहिलो, हे अजूनही आम्हास नीटसे सांगता येत नाही.