बर्फाआड गेलेली माणसे

7 फेब्रुवारी 1968 रोजी भारतीय हवाई दलाचे एएन-12 जातीचे मालवाहू विमान 102 जणांना घेऊन चंडीगडहून लेहकडे निघाले. लेहजवळ हवामान बिघडल्याने ते माघारी वळले. रोहतांग खिंडीच्या परिसरात त्याचा शेवटचा संपर्क झाला. पुढे विमानाचा मागमूस लागला नाही. घरच्यांच्या हाती ना देह आला, ना कारण. तब्बल 35 वर्षे हीच स्थिती राहिली.

2003 मध्ये गिर्यारोहकांच्या एका तुकडीला हिमाचल प्रदेशातील लाहौल भागात, ढाका हिमनदीवर, विमानाचे तुकडे आणि एका जवानाचे देहावशेष आढळले. त्यानंतर सैन्याने अनेक शोधमोहिमा काढल्या. तरी 2019 पर्यंत अवघे 5 देह हाती लागले.

इतका विलंब का लागतो, याचे उत्तर हिमनदीच्या घडणीत आहे. तिच्या वरच्या भागात दर हिवाळ्यात नवा बर्फ साचतो आणि खाली पडलेली वस्तू थराथराने गाडली जाते. त्याच वेळी सगळा बर्फ उतारावरून अतिशय सावकाश सरकत असतो. खालच्या, वितळणाऱ्या भागात पोहोचल्यावर ती वस्तू पुन्हा उघडी पडते. म्हणून अवशेष मूळ जागेपासून दूर, विखुरलेले मिळतात. काही हिमनदीच्या खोल भेगांत अडकतात, तर काही दगडमातीच्या ढिगांखाली जातात.

पायी जाणारा माणूस किती झटकन दिसेनासा होतो, हे प्रस्तुत लेखकाने याच मुलखात, हामटा खिंडीत अनुभवले. जूनअखेरीस बालू का घेरा येथील मुक्काम सोडून तुकडी खिंडीवर पोहोचली आणि लाहौलच्या बाजूने शिया गोरूकडे उतरू लागली. रांगेतील शेवटचा साथीदार बुटाची नाडी बांधायला थांबला. तेवढ्यात ढग उतरला आणि पंधरा पावलांपलीकडचे दिसेनासे झाले. हाका वाऱ्यात विरत होत्या. बर्फातील पावलांचे ठसे भुरभुरत्या हिमाने पाहता पाहता भरून आले. वाटाड्याने कोणालाही शोधायला जाऊ दिले नाही. सर्वांना जागीच बसवून तो थांबून थांबून शिटी वाजवत राहिला. साथीदाराच्या आईला काय सांगायचे, याखेरीज लेखकाला दुसरे काही सुचत नव्हते. चाळीसेक मिनिटांनी ढग विरळ झाला. साथीदार जेमतेम पन्नास पावलांवर, एका खडकाच्या आडोशाला बसलेला होता. बोटे इतकी बधिर झाली होती की त्याला पाण्याच्या बाटलीचे झाकणही फिरवता येत नव्हते. वाट चुकल्याचे लक्षात येताच तो थांबला, म्हणून सापडला.

डोंगरात बेपत्ता होण्याची कारणे बहुधा अशीच साधी असतात: ढग, निसरडा उतार, वेगवान नदी, थंडीने मंदावलेली बुद्धी. गूढ निर्माण होते ते शेवटचे ठिकाण नेमके ठाऊक नसल्यामुळे. कुल्लू जिल्ह्यातील पार्वती खोऱ्यात 1990 च्या दशकापासून अनेक परदेशी प्रवासी नाहीसे झाले. एकट्याने फिरणाऱ्याने वाट किंवा परतीचा दिवस कळवलेला नसेल, तर शोध सुरू व्हायलाच उशीर होतो. तोवर पाऊस आणि नदी खुणा पुसून टाकतात. म्हणूनच निघण्यापूर्वी वाट आणि परतीची तारीख कोणाला तरी सांगणे, जवळ शिटी बाळगणे आणि चुकल्यास जागीच थांबणे, हे गिर्यारोहणातील पहिले धडे आहेत.

ढाका हिमनदीवरील शोध पुढेही चालू राहिला. 2024 मध्ये, अपघातानंतर 56 वर्षांनी, आणखी 4 देह सापडले आणि ओळख पटलेले जवान आपापल्या गावी पोहोचले. तेव्हा काहींच्या पत्नी, आईवडील हयात नव्हते; पुढच्या पिढीने अंत्यसंस्कार केले. सापडलेल्या देहांची संख्या त्यामुळे 9 झाली. उरलेल्यांची घरे अजून वाट पाहत आहेत.