पहिला सेट गमावूनही
ब्रह्मपुरीचे जूनमधील ऊन आणि गुडघेदुखी या दोहोंनी बाबांना खाटेशी जखडले होते. डॉक्टरांनी सांगितलेले रोजचे चालणेही सुटले होते. २०१६ साली एके सकाळी मी त्यांना फ्रेंच ओपनचा निकाल वाचून दाखवला. गोमंतकीय वंशाच्या लिअँडर पेसने मार्टिना हिंगिससह सानिया मिर्झा व इव्हान डोडिग यांना ४-६, ६-४, १०-८ असे नमवून मिश्र दुहेरीचे विजेतेपद मिळवले होते. पेसचे वय बेचाळीस. टेनिसमध्ये हे वार्धक्यच. शिवाय विटांच्या भुकटीच्या त्या मैदानावर चेंडू मंदावतो, उंच उसळतो, खेळ लांबतो, दमछाक होते.

"पहिला सेट गमावूनही?" बाबांनी विचारले. मग काठी मागितली. दारापर्यंत त्यांनी माझा खांदा धरला. अंगणात उतरताना मात्र मला पायरीवरच थांबवले.