पटेल की पाटील?

वडोदऱ्याच्या उत्तरेला छाणी आहे. आता ती महापालिकेत आलीय, पण हमरस्ता सोडून आत वळलं की गाव तसंच आहे: अरुंद गल्ल्या, लाकडी घरं, देरासरची घंटा. श्वेतांबर समाजात छाणीला ‘दीक्षेची खाण’ म्हणतात, इतक्या घरांतून मुलं-मुली साधू-साध्वी झाली. सोळा विद्यादेवींची चित्रं असलेली ओघनिर्युक्तीची ११६१ सालची ताडपत्री प्रत इथल्याच भांडारातली. आम्ही सांगलीकडचे दिगंबर, शेतकरी जैन. ह्यांची बदली इकडच्या कारखान्यात झाली म्हणून भाड्याचं घर शोधत होतो.

घर जुनं, पण नवं केलेलं. फरशी, ओटा, बाथरूम सगळं चकचकीत. कोरीव दारावर मात्र चॉकलेटी ऑइलपेंट फासलेला, बघून जीव हळहळला. भिंतीतल्या पाणियाऱ्यात, म्हणजे पाण्याचे हंडे ठेवायच्या कोनाड्यात, मोबाइल चार्जिंगची सोय. चौकावर पारदर्शक पत्रा टाकलाय. उन्हाळ्यात उकडतं, पण दिवेलागणीपर्यंत उजेड राहतो आणि आमचं सूर्यास्ताआधीचं जेवण दिवा न लावता होतं. चौकाखाली टाकं आहे. कपडा बांधून पाणी शेंदायचं, ही पद्धत घरमालकीण बांनी अजून सोडलेली नाही. मैत्रिणींनो, जुन्या वस्तीत घर बघायला गेलात तर आधी ओटा नका बघू. चौक बघा, पाणी बघा आणि जिना किती उभा आहे ते बघा.

बांनी नाव विचारलं. ‘पाटील,’ ह्यांनी सांगितलं. ‘पटेल?’ ‘नाही, पाटील.’ बा गप्प झाल्या. किल्ली पदराला बांधलेली होती, तिथंच हात थांबला. ‘मराठी ने? नॉनवेज खाओ छो?’ मी म्हटलं, ‘आम्ही जैन आहोत, बा.’ ‘तमे तो आपणां ज नीकळ्यां!’ किल्ली सुटली, चहा आला, डिपॉझिटसुद्धा एका महिन्याचं कमी झालं. अकरा महिन्यांचा करार त्याच संध्याकाळी झाला. मधे गेलं असेल अर्धं मिनिट. पण त्या अर्ध्या मिनिटात मी दुसऱ्याच कुणीतरी होते.

याच शहरात १९१७ साली डॉ. आंबेडकर नोकरीला आले होते. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकलेले, पण राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते पारशी धर्मशाळेत राहिले, रोज दीड रुपया देऊन. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली. मग त्यांनी दोन मित्रांना विचारलं. एक हिंदू, तो नोकरांची अडचण सांगू लागला. दुसरा ख्रिस्ती, तो म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारावं लागेल. बाबासाहेब गाडीच्या वेळेपर्यंत कामाठी बागेत बसून राहिले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्या न आलेल्या बायकोपाशी मी दरवेळी अडखळते. घराचं दार उघडायचं की नाही हे ठरवायची वेळ आली की बाईचं नाव पुढे होतं. कधी तिला विचारतात, कधी विचारतही नाहीत.

आमच्या महिला मंडळात हा विषय निघाला की ‘आपल्याला काय, आपल्याला कुठंही घर मिळतं’ असं कुणीतरी म्हणतंच. शेजारी मासे तळले तर मला जड जाईल, खोटं कशाला बोलू? पण स्वयंपाक न करणाऱ्यालाही आपण ताटातलं नव्हे, आडनाव विचारतो. वासाचं निमित्त तिथं लागू पडत नाही.

गेल्या महिन्यात वरची खोली रिकामी झाली. एक नर्स बघायला आली, रात्रपाळीची. डबा लावते म्हणाली. आडनावावरून बांना काही कळेना, त्या माझ्याकडे वळल्या: ‘तमने वांधो तो नथी ने?’ मी म्हटलं, ‘मला काही अडचण नाही, बा. तिला जिना दाखवू का? रात्री उशिरा यायची तर वरच्या पायरीला दिवा लागेल.’

बा म्हणाल्या, ‘विचार करीने कहीश.’ दिवा बसवून झालाय. खोली अजून रिकामी आहे, आणि मी रोज विचारते.