देव्हाऱ्यातली नोट

परवा वहिनींचा फोन आला. पुतण्याला समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर नोकरी मिळतेय. चौदा दिवस काम, चौदा दिवस सुट्टी. "भाऊजी, तुम्ही एवढी वर्षं तिथं काढलीत. त्याला जाऊ नको म्हणून सांगा की." मी "बघतो" म्हणालो. फोनवर मला काही नीट सांगता येत नाही, आणि वहिनी हा ब्लॉग न चुकता वाचतात. म्हणून उत्तर इथंच लिहितोय.

आमच्या घरात समुद्राशी कुणाचाच संबंध नव्हता. आबा शिवाजी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मोल्डर होते, ऑईल इंजिनचे भाग ओतायचे. १९९१ साली मला बॉम्बे हायवर काम मिळालं तेव्हा त्यांनी एक रुपयाची कोरी नोट आणून देव्हाऱ्यात ठेवली. कारण नोटेच्या मागच्या बाजूला 'सागर सम्राट'चं चित्र. (या नोटांची छपाई मध्ये बंद होती, २०१५ साली पुन्हा आलेल्या नोटेवरही ते चित्र आहे.) या जपानी बनावटीच्या रिगनं फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधलं आणि २१ मे १९७६ ला तिथून उत्पादन सुरू झालं. "आमच्या पोराचं काम नोटेवर हाय," असं आबा गल्लीत सांगत फिरायचे.

सुट्टीत महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी घरी पोचलो की चहाबरोबर आबांचे प्रश्न सुरू. "एवढ्या पाण्यात खांब रोवत्यात कसा?" मी सांगायचो, तिथं पाणी ७५-८० मीटर खोल, म्हणजे पंचवीस मजली इमारत बुडेल एवढं. लोखंडी पाईपांचा सांगाडा जमिनीवर तयार करतात. त्याला जॅकेट म्हणतात. तो बार्जवर आडवा घालून नेतात, समुद्रात सोडून उभा करतात. मग त्याच्या पोकळ पायांतून लांबलचक पाईल समुद्राच्या तळात ठोकतात, आणि वर डेक बसवतात.

"आणि गंज?" हा दुसरा प्रश्न. पाण्याखालच्या लोखंडाला ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ठोकळे जोडलेले असतात. ते आधी झिजतात आणि लोखंडाला वाचवतात. हे आबांना फार आवडलं. पण जिथं लाट सारखी आपटते, कधी ओलं कधी कोरडं, तिथं त्या ठोकळ्यांचा उपयोग होत नाही. तिथं जाड लेप देऊन सारखी तपासणी करावी लागते. तेल नुसतं आपोआप वर येतं असंही नाही. खडकातला दाब टिकवायला समुद्राचं पाणी आत सोडतात, पण आधी गाळून आणि त्यातला ऑक्सिजन काढून, नाहीतर विहिरीचे पाईपच गंजायचे. काही विहिरींत वरून गॅस सोडून तेलाचा स्तंभ हलका करतात, मग ते वर चढतं.

तर वहिनी, लाटा, वारा, गंज यांचा हिशोब इंजिनिअर लोकांनी केलेला असतो. मला भीती वाटते ती वेगळ्या गोष्टीची.

१९९८ मधली गोष्ट. वेल्डिंगचं काम होतं. अशा कामाचं परमिट देण्याआधी जागेवर जाऊन यंत्रानं गॅस तपासायचा आणि मगच सही करायची. शिफ्ट संपत आली होती, खाली माणसं खोळंबली होती. मी सकाळचाच आकडा लिहिला आणि सही ठोकली. काम झालं, काही घडलं नाही. कुणाला कळलंही नाही.

२७ जुलै २००५ ला मी सुट्टीवर कोल्हापुरात होतो. आदल्या दिवशी मुंबई बुडाली होती, इकडं पंचगंगाही चढत होती. टीव्हीवर बातमी आली, बॉम्बे हाय नॉर्थचा प्लॅटफॉर्म पेटलाय. पुढं सगळं हळूहळू कळलं. 'समुद्र सुरक्षा' या जहाजावरच्या आचाऱ्याची बोटं कापली गेली होती. उपचारासाठी त्याला क्रेननं प्लॅटफॉर्मवर उतरवलं. त्यानंतर समुद्राच्या उसळीत जहाजाचा मागचा भाग गॅसच्या उभ्या पाईपांवर, म्हणजे रायझरवर, आदळला. गॅस सुटला, पेटला, आणि दोनेक तासांत तो अजस्र प्लॅटफॉर्म कोसळला. ३८४ माणसांपैकी ३६२ वाचली, बावीस गेली. सुरुवात कशानं? बोटांना झालेल्या जखमेनं.

त्या रात्री मला माझी सही आठवली. झोप लागेना. बाहेर कट्ट्यावर आबा बसले होते, त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ओरडतील. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्या बी एकदा लांबी भरलीया." मालाची घाई होती. कास्टिंगला ब्लोहोल पडलं होतं. मालक म्हणाला, लांबी भर आणि रंग मार. आबांनी भरली. "भोक दिसायचं बंद हुतं मर्दा, भोक जात न्हाई. त्ये कास्टिंग कुठं गेलं आसंल, आजून मनात येतंय."

आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. नोट अजून देव्हाऱ्यातच आहे.

त्या आगीनंतर समुद्रातल्या कामाच्या सुरक्षिततेसाठी २००८ साली नियम झाले. तरीही १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसं होती, सत्तरच्या आसपास गेली. वादळाचा इशारा काही दिवस आधीच आलेला होता. नियम कागदावर असतात. वेळेला "थांबा" म्हणायला माणूसच लागतो, आणि घाईच्या वेळी चारचौघांत ते म्हणणं सोपं नसतं. मला जमलं नव्हतं.

म्हणून वहिनी, मी त्याला "जाऊ नको" म्हणणार नाही. मला त्या नोकरीनं घर दिलं, मुलींची शिक्षणं झाली. पण रविवारी त्याला माझ्याकडं पाठवा. माझ्या सहीची गोष्ट त्याला मीच सांगेन, आबांच्या लांबीचीही. ऐकून झाल्यावर त्याला एकच विचारणार आहे: साहेब घाई करतोय, खाली माणसं खोळंबलीत, तर तू सही करशील का?

तो पटकन "नाही" म्हणाला, तर मला जरा काळजीच वाटेल. थोडा वेळ गप्प बसला, तर जाऊ द्या त्याला.