लाइप्झिग येथील एक सामना

जर्मनीच्या प्रवासांत मोठमोठ्या संघांचे सामने सोडून आम्ही लाइप्झिगच्या लोकोमोटिव्ह संघाचा चौथ्या श्रेणींतील फुटबॉलचा सामना पाहावयास गेलों, याचें सोबत्यांस नवल वाटलें. १८१३ च्या लढाईंत नेपोलियनचें सैन्य जेथें निकरानें झगडलें, त्या प्रोब्स्टहाइडा भागांत १९२२ सालचें हें क्रीडांगण आहे. लांकडी प्रेक्षागारांत आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ होते. खेळ, खरें सांगावयाचें तर, बेताचाच; आमचें लक्ष त्यांच्या बोलण्याकडे अधिक. १९८७ सालीं हा संघ युरोपांतील चषकविजेत्यांच्या स्पर्धेंत अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला व अथेन्स येथें आयाक्सकडून अवघ्या एका गोलानें हरला. पुढें कर्जापायीं संस्थाच बुडाली. तेव्हां चाहत्यांनीं ती नव्यानें उभारली आणि २००४ सालीं अगदीं तळच्या, म्हणजे अकराव्या श्रेणीपासून प्रारंभ केला. त्या वर्षीं तसल्या एका सामन्यास बारा हजारांवर लोक लोटले! गृहस्थही त्यांत होते. तें सांगतांना त्यांचा कंठ दाटून आला.

उत्तरार्धांत पाऊस आला. आमच्या डोक्यावर छप्पर होतें. समोरच्या उघड्या पायऱ्यांवर मात्र आबालवृद्ध भिजत उभे होते, आणि गाणें कांहीं थांबलें नाहीं.